खडूच्या एकतीस फुल्या

दगडाला नावं ठेवू नकोस. "सर, तांडूरचा माल आता पूर्वीसारखा राहिला नाही," हे काल तू तीनदा म्हणालास. पहिल्यांदा तोंडात चहा होता म्हणून मी गप्प बसलो. दुसऱ्यांदा तुझ्या आई समोर बसल्या होत्या. तिसऱ्यांदा काठी उचलली. तू एक पाऊल मागे सरकलास ते पाहून बरं वाटलं; शिकवलेलं सगळंच वाया गेलेलं नाही म्हणायचं. पण काठी तुझ्यासाठी नव्हती, फरशीसाठी होती.

वीस फूट बाय सोळा फूट अंगण, दोन बाय दोनच्या फरश्या, एकूण ऐंशी. एकेक ठोकत गेलो. भरीव फरशी 'टक्' म्हणते आणि काठी हातात परत उसळते. पोकळ फरशी 'ढब्' म्हणते, रिकाम्या रांजणासारखी. ढब् म्हणणाऱ्या प्रत्येकीवर खडूने फुली मारली. एकतीस झाल्या. म्हणजे ऐंशीपैकी एकोणपन्नास बऱ्या, एकसष्ट टक्के. बिल्डिंग कन्स्ट्रक्शनच्या पेपरात मी तुला एकसष्टच दिले होते. माणूस फारसा बदलत नाही.

आता नीट ऐक, आणि मध्ये फोन बघू नकोस.

तांडूरचा दगड तुला काय म्हणून फसवेल? आपल्या हैदराबादपासून शंभरेक किलोमीटर पश्चिमेला गेलास की तांडूर, तिथून वाडीच्या वाटेने आणखी पुढे शहाबाद. आज एक तेलंगणात, एक कर्नाटकात. १९५६ पर्यंत दोन्ही याच हैदराबाद राज्यात होती. दगड तर राज्य बदलण्याच्या फार आधीपासून एकाच जातकुळीचा, भीमेच्या खोऱ्यातला चुनखडक. कधीकाळी समुद्राच्या तळाशी गाळ बसत गेला, थरावर थर, आणि म्हणून तो पहारीने उचकला की पोळीसारखा सपाट सुटतो. करवत न लावता निसर्गानेच फरशी करून दिलेली आहे. १८७४ ला वाडी-सिकंदराबाद रेल्वे झाली आणि तांडूर हैदराबादला लोखंडी रुळांनी जोडलं गेलं. मराठवाड्यातल्या वाड्यात, पुण्याच्या चाळीत, इथे काचीगुड्याच्या बोळात, जिथे पाय पडेल तिथे ही 'शहाबादी' आहे. आपले गवंडी शहाबादी म्हणतात, इथले मेस्त्री 'बंडलु' म्हणतात. आणि या फरशीला नावं ठेवणारा पहिला माणूस मला माझ्याच वर्गातला भेटावा!

माझ्या काचीगुड्याच्या घरातलं अंगण तू पाहिलं आहेस. ट्यूशनला यायचास तेव्हा त्याच फरशीवर मांडी घालून बसायचास. आजोबांनी घातलेली ती फरशी. नळाखालच्या एका फरशीला घागर ठेवून ठेवून बशीएवढी खळगी पडली आहे, चिमण्या त्यात पाणी पितात. पण हलत एकही नाही. दोन फरश्यांमध्ये बोट जाईल एवढी दरज, चुन्याने भरलेली. ऐंशीच्या दशकात त्यातल्या तीन फरश्या मी स्वतः बदलल्या. नवा मास्तर होतो, अंगात रग होती, चुना म्हणजे मागासलेपणा वाटायचा. निव्वळ सिमेंटात, सांध्याला सांधा चिकटवून बसवल्या. दुसऱ्या उन्हाळ्यात त्या तिघींपैकी दोन मधोमध तडकल्या आणि शेजारच्या जुन्या फरशीचा कोपरा उडाला. त्या भेगा अजून आहेत, मी मुद्दाम ठेवल्या. तेव्हा मी चुकलोच नाही असं म्हणत नाही. मी चुकलो तेव्हा दगडाला शिव्या दिल्या नाहीत, एवढंच.

आता तुझ्या अंगणाकडे ये. फाटकापासून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यापर्यंत एक तिरकी रेघ खचली आहे, बरोबर? तू मला म्हणालास, "या लॉटमधल्या फरश्या कच्च्या निघाल्या." लॉट तिरका लागतो का रे कधी? ती तुझ्या ड्रेनेजची लाइन आहे! पाइप टाकायला चर खणला, तो बुजवताना विटांचे तुकडे, गिलाव्याची खपली, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, असेल तो कचरा आत ढकलला, वरून माती पसरली आणि बुटाने दोनदा दाबली. पहिल्या पावसात पाणी आत शिरलं, कचरा बसला, फरशीखाली पोकळी झाली. सात फुल्या त्या एका रेघेवर आहेत. फरशीने उलट तुला नकाशा काढून दिला आणि तू तिलाच कच्ची म्हणतोस.

चर भरायचा मुरमाने. सहा सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी, प्रत्येक थरावर धुम्मस. धुम्मस उसळी मारून परत यायला लागली की थर बसला. हे मी फळ्यावर चित्र काढून शिकवलं होतं आणि तू मागच्या बाकावर डबा खात होतास. या शहरात मुरमाला तोटा नाही, कुठेही फावडं मारलं की तांबडा मुरूम आणि त्याखाली ग्रॅनाइट. काळी माती लागली तर मात्र ती सरळ काढून टाकायची, कारण ती पावसात फुगते, उन्हात फाटते आणि वरच्या फरशीला झोपाळ्यावर बसवते. मुरमावर हाताने रचलेलं दगडी सोलिंग, त्याच्या फटीत चुरी, त्यावर एकास चार आठचं चार इंच काँक्रीट. तुझ्याकडे यातलं काय आहे? काल कडेची एक फरशी आपण उचलून पाहिली. दीड इंच रेती, खाली सैल माती. मुंग्यांनी अंडी घातली होती.

आणि त्या फरशीच्या पोटाला काय चिकटलं होतं ते आठव. मालाचे पाच गोळे! चार कोपऱ्यांना चार, मध्ये एक, इडल्या ठेवल्यासारखे. दोन बाय दोनची, इंचभर जाडीची फरशी चोवीस किलोची असते. ती पाच इडल्यांवर उभी, आणि तिच्यावर तू कुंडी ठेवतोस, गॅसचा सिलिंडर घरंगळत नेतोस. बाकीच्या पोकळीत पावसाचं पाणी साठतं, वर उन्हाने तापतं, बाहेर पडताना सिमेंटातला क्षार घेऊन येतं आणि फरशीच्या तोंडावर पांढरा लोणा सोडतं. तू त्या पांढऱ्या डागांचा फोटो काढून दुकानदाराला पाठवलास. दुकानदाराने काय करायचं? त्याने दगड विकला, इडल्या नाही.

फरशीखाली माल सलग हवा, इंच-दीड इंच, एकास सहा, फळीने ओढलेला. त्यावर सिमेंटचा घोळ, फरशीच्या पाठीलाही घोळ. त्याआधी पाठ ब्रशने घासून धुवायची, कारण खाणीतली धूळ तिथे पावडरसारखी बसलेली असते आणि पावडरीला सिमेंट धरत नाही. मग फरशी ठेवायची, रबरी हातोड्याने चार बाजूंनी ठोकायची, माल कडेने थोडा वर आला की ती बसली. शंका आली तर पहिली फरशी ठेवून लगेच उचलायची आणि पाठ बघायची: माल सगळीकडे लागला असेल तर ठीक, नाहीतर परत. यात अवघड काय आहे? पण तू मेमध्ये काम काढलंस, भर दुपारी. कारण वास्तुशांतीचा मुहूर्त. ऐंशी फरश्या चार दिवसांत. इथल्या मेच्या दुपारी दगडावर हात ठेववत नाही. तशा तापलेल्या दगडाला ओला माल लावला की दगड पहिला घोट स्वतःच पितो, आणि सिमेंटाला पकड धरायला पाणीच उरत नाही. फरश्या आधी भिजवल्या होत्या का? नाही. वर हिरवी जाळी? नाही. गोणपाट टाकून सात दिवस पाणी मारलं? सातव्या दिवशी तर पंगत बसली होती. मक्का मशिदीचं काम १६१७ च्या सुमारास सुरू होऊन औरंगजेबाच्या काळात १६९४ ला संपलं. तेवढा वेळ घे असं कोणी म्हणत नाही. पण पहाटे सहाला सुरू करून अकराला थांबायला काय झालं होतं?

ठेकेदार म्हणाला, "टेन्शन नक्को लो साब, हो जाता." आणि तू खरोखरच घेतलं नाहीस. त्याच्यावर ओरडू नकोस. त्याने सिव्हिलचा डिप्लोमा घेतलेला नाही. तू घेतलास, मग कॉम्प्युटरवर गेलास, ठीक आहे, पोटासाठी माणूस कुठेही जातो. पण गुण्या, ओळंबा आणि पाणसळ विसरून जाण्याएवढा पगार कुणालाच मिळत नाही.

सांध्यांचं तर बोलायलाच नको. तू अभिमानाने दाखवलंस: "सर, बघा, कागद जाणार नाही असा सांधा." वीस फुटांची सलग ओळ, दोन्ही टोकांना भिंत, मध्ये कागद जाणार नाही! गणित कर. तांडूरचा दगड एक अंश तापमान वाढलं की दर मीटरला साधारण एका मिलिमीटरचा सव्वाशेवा भाग वाढतो. वीस फूट म्हणजे सहा मीटर. डिसेंबरची पहाट आणि मेची दुपार यात दगडाच्या अंगात चाळीस अंशांचा फरक सहज. सहा गुणिले चाळीस, भागिले सव्वाशे. किती? जवळजवळ दोन मिलिमीटर. ऐकायला थोडं वाटतं. पण त्या दोन मिलिमीटरला जायला जागा नाही, म्हणून मधल्या दोन फरश्या एकमेकींना रेटून तंबूसारख्या वर आल्या. तुझा धाकटा त्यावर गाडी चढवून खेळत होता. प्रत्येक सांध्याला पाव इंच दरज ठेव, ती साध्या एकास तीनच्या मालाने भर, दर दहा-बारा फुटांवर आणि घराच्या भिंतीलगत एक मोकळा सांधा सोड, त्यात रबरासारखं सीलंट. दरज म्हणजे गवंड्याचा आळस नव्हे, दगडाला श्वास घ्यायची जागा आहे.

ढाळाकडे वळतो. पुढचा मुद्दा बोलताना माझा आवाज चढेल, तेव्हा आईंना आत जाऊ दे.

पाणी घराकडे येतं! मी बादलीभर ओतून पाहिलं. ते फाटकाकडे गेलं नाही, दिवाणखान्याच्या उंबऱ्याशी येऊन बसलं, पाळलेल्या कुत्र्यासारखं. ऐंशीला एक ढाळ म्हणजे सोळा फुटांत जवळजवळ अडीच इंच. लेव्हलची नळी दहा मिनिटं धरली असती तर कळलं असतं. शिवाय अंगण जोत्याच्या बरोबरीला आणून ठेवलंस, कारण "एका लेव्हलमध्ये छान दिसतं". जोत्यापासून सहा इंच खाली राहायचं असतं, नाहीतर ओल भिंतीत चढते. दिवाणखान्याच्या रंगाला पोपडे आलेत ते तुला रंगाचा दोष वाटतो, नाही? उद्या म्हणशील रंग पूर्वीसारखा राहिला नाही. चार इंच पाऊस पडला तर तुझ्या एवढ्याशा अंगणावर तीन हजार लिटर पाणी पडतं. २०२० च्या ऑक्टोबरात या शहरात एका दिवसात त्याच्या जवळपास दुप्पट पाऊस झाला, तू तेव्हा इथेच होतास. साधं अंगण कशाला, कुतुबशाही मकबऱ्यांच्या आवारातली बडी बावली, शतकानुशतकं उभी असलेली, तिचीही एक बाजू २०१३ च्या पावसात कोसळली. पुढे ती चुना वापरून पुन्हा बांधली आणि तिच्यासह गोवळकोंड्याच्या बावल्यांच्या कामाला २०२२ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. ते काम करणाऱ्यांनी काय केलं ठाऊक आहे? विसाव्या शतकातल्या दुरुस्त्यांत थापलेलं सिमेंट आधी मकबऱ्यांवरून खरवडून काढलं. पाण्याला वाट दिली नाही की ते दगड बघत नाही, कुतुबशहा बघत नाही आणि तुझी वास्तुशांतीही बघत नाही.

राहिलं ते अ‍ॅसिड.

हे मला काल कळलं तेव्हा मी खुर्चीवरून उठलो, तुला वाटलं मी निघालो. फरशीवर सिमेंटचे शिंतोडे पडले म्हणून शेवटच्या दिवशी अ‍ॅसिडने अंगण धुतलं. "फेस छान आला होता सर." अरे, तो फेस सिमेंटचा नव्हता, तुझ्या फरशीचा होता! चुनखडकावर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड ओतलं की दगड विरघळतो आणि कार्बन डायऑक्साइड फसफसून वर येतो. शाळेच्या प्रयोगशाळेत खडूचा तुकडा आणि परीक्षानळी घेऊन हे तू स्वतः केलं आहेस. पैसे मोजून आणलेला दगड तू पैसे मोजून विरघळवलास. ग्रॅनाइट निदान टिकला असता, त्याच्या अंगात चुना नाही. म्हणूनच तुळशीच्या वाटेवर तू घातलेल्या काळ्या ग्रॅनाइटच्या पट्टीवर काही झालं नाही आणि तांडूरवर राखाडी, खरखरीत, नकाशासारखे डाग राहिले. लिंबू, चिंचेचं पाणी, पाणीपुरीचं पाणी सांडलं तरी या दगडावर डाग राहतो, तर तू बाटलीच उपडी केलीस. सिमेंटचे शिंतोडे ओले असताना ओल्या फडक्याने पुसायचे असतात. वाळले तर लाकडाची चपटी पट्टी आणि सबुरी.

डाग लपवायला मग वरून चकचकीत सीलर. दुकानदाराच्या मते 'वेट लुक'. आता तुझ्या आईंचं सांगतो, कारण त्या तुला सांगणार नाहीत. सकाळी तुळशीला पाणी घालायला त्या भिंतीला हात लावून जातात. मी पाहिलं. चार थेंब सांडले की तो वार्निश लावलेला दगड शेवाळासारखा होतो. आणि दुपारी त्याच वाटेवर तुझी काळ्या ग्रॅनाइटची पट्टी, पॉलिश केलेली, मेमध्ये साठ अंशांच्या घरात तापणारी. आयुष्यभर अनवाणी प्रदक्षिणा घातलेल्या बाईला तू तुळशीपाशी चप्पल घालायला लावलीस. मला म्हणाल्या, "आता वयच झालं हो माझं." वय झालं नाही, फरशी चुकली. उघड्यावरच्या दगडाला पॉलिश लावायचं नाही, हे तुला त्या एका वाक्यावरूनही कळायला हवं होतं. तांडूरचा करडा किंवा पिवळसर दगड, खाणीतून सुटतो तसा, नुसत्या कडा कापलेला. पायाला पकड मिळते, काळ्यापेक्षा कमी तापतो, संध्याकाळी दोन तांबे पाणी शिंपडलं की बसण्याजोगा होतो. ग्रॅनाइटच हवा असेल तर टाकी लावलेला किंवा ज्वाळेने खरखरीत केलेला घे, आणि फिक्या रंगाचा. या शहराच्या पायाखाली अडीचशे कोटी वर्षांचा ग्रॅनाइट आहे. त्यातूनच चारमिनार उभा आहे, उस्मानियाचं आर्ट्स कॉलेज त्यानेच सजलं आहे, आणि त्याच्या टेकड्या फोडू नका म्हणून 'सोसायटी टु सेव्ह रॉक्स' १९९६ पासून भांडते आहे. एवढ्या मोलाचा दगड आरशासारखा घासून काय मिळवलंस? त्यात आकाश दिसतं, हे खरं. पाय घसरला की अगदी जवळून दिसतं.

आणि दगड निवडलास कसा? व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो बघून. वडार दगड फोडण्याआधी त्यावर सुतकी मारून कान देतो. तेवढा कान तुला नसेल, पण फरशी एका कोपऱ्यावर तोलून चावीने वाजवता येते ना? खणखणीत वाजली तर घे. बद्द वाजली तर आत पापुद्रा सुटलेला आहे, ठेव. एक फरशी रात्रभर पाण्यात बुडवून सकाळी कडा बघ: थर ओले होऊन नखाने निघत असतील तर ती बाहेरच्या कामाची नव्हे. जाडी सव्वा ते दीड इंच माग. पाऊण इंचाची घरात घालतात. तू बाहेर पाऊण-एक इंचाची घातलीस, कारण चौरस फुटाला काही रुपये वाचले. ते रुपये पुढे अ‍ॅसिडला आणि सीलरला गेले, त्याचा हिशेब तुझ्या एक्सेलमध्ये दिसला नाही.

आता रडवेलं तोंड करू नकोस. एकोणपन्नास फरश्या चांगल्या वाजतात, पण ढाळ उलटा असल्यामुळे त्याही उचलाव्या लागतील. छिन्नी सांध्यातून, पहार खालून, घाई न करता. बहुतेक शाबूत निघतील. सीलर रिमूव्हरने काढ, अ‍ॅसिडने नव्हे, हे मला पुन्हा सांगावं लागेल असं वाटतं म्हणून सांगतो. ज्यांच्या तोंडाला अ‍ॅसिड लागलं आहे त्या उलट्या कर, पाठ वर. पाठ खरखरीत आहे, तीच तुला मुळात हवी होती. काळी पट्टी काढून टाक, तिचा स्वयंपाकघरात ओटा कर. पावसाळा सरल्यावर काम काढ, दसऱ्यानंतर. तोवर चरातला कचरा काढून मुरूम थराथराने धुम्मसून भर, आणि पाऊस त्याला आणखी बसवू दे. मेस्त्री माझ्याकडे आहे. म्हातारा आहे, तेलुगूत बडबडतो, दिवसाला दहाच फरश्या घालतो आणि मुहूर्त विचारत नाही.

पहिले तीन दिवस मी येईन. सहाला, म्हणजे सहाला. दोरी, लेव्हलची नळी आणि पाण्याची बादली तयार ठेव. माझ्यासाठी खुर्ची बाहेर नको, फरशीवर बसेन. आणि घरकामाच्या बाईंना आजच सांगून ठेव, अंगण धुताना खडूच्या फुल्या पुसायच्या नाहीत. मी मोजून गेलो आहे.